साहेबानं दिलेलं आडनाव

"गावात कुणी आडनाव विचारलं तर पाटील सांगायचं."

निखिल सर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. मान न वळवता बोलले. मोबाइलवर काहीतरी बघत. पाण्याची बाटली दे म्हणावं, इतक्या सहज.

मी मागं होते. शेजारी प्रशांत, माझ्याआधी दोन वर्षं लागलेला फील्ड ऑफिसर. आमच्या दोघांच्या मधी जमिनीच्या नकाशांची गुंडाळी. कंपनीची पांढरी जीप अणदूर ओलांडून आतल्या रस्त्याला लागली होती. मला आधी वाटलं, प्रशांतला सांगतायत. मग कळलं, प्रशांतचं आडनाव बदलायची गरजच नव्हती.

"मी, सर?"

"मग कोण? तुझं जे काय आहे ते ऑफिसात. इथं नको. हे सगळे मोठे जमीनवाले आहेत. दारातूनच परत पाठवतील. आपलं काम खोळंबेल."

मी म्हणलं, "सर, नळदुर्ग इथनं जवळ आहे. कुणी ओळखलं तर?"

तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली. हसले.

"टायरवाल्याच्या मुलीला कोण ओळखतंय?"

प्रशांत मोठ्यानं हसला. ड्रायव्हर सलीमभाई हसले नाहीत. आरशात त्यांचे डोळे एकदा माझ्याकडं आले आणि परत रस्त्यावर गेले.

मी खिडकीबाहेर बघितलं. तुरीचं रान. लांबवर उभ्या पवनचक्क्या, पाती हळूहळू फिरतायत. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. आधी लाज आली. ज्याला यायला पाहिजे होती त्याला नाही, मला आली. गाव येईस्तोवर मी मनात घोकत बसले. पाटील. पाटील. पाटील.

पहिली नोकरी. पहिला महिना.

माझा बाप नळदुर्गला हायवेवर ट्रकचे टायर काढतो. पंक्चर काढतो, हवा भरतो, उन्हात जॅक लावून ट्रकखाली झोपतो. त्याच जिवावर मी सोलापूरला राहून एमएसडब्ल्यू केलं. आमच्या वस्तीत कंपनीच्या नोकरीला लागलेली मी पहिली. गळ्यातलं ओळखपत्र घेऊन पहिल्या दिवशी घरी आले, तेव्हा आईनं ते पदराला हात पुसून हातात घेतलं. माझा फोटो बघितला. तिला वाचता येत नाही. "ह्यात आपलं नाव लिवलंय व्हय?" म्हणाली. आपलं. माझं नाही म्हणाली ती, आपलं म्हणाली.

मुलाखत निखिल सरांनीच घेतली होती. पुण्याचा माणूस, इथल्या साइटचा प्रमुख. माझा अर्ज वाचताना आडनावावर एक क्षण थांबले. ते थांबणं मला ओळखीचं आहे. शाळेत, कॉलेजात, सोलापुरात खोली भाड्यानं बघताना. माणूस वाचतो, थांबतो, आणि मग जरा जास्तच गोड बोलायला लागतो.

"आमच्याकडे जातबित काही नसतं हं," ते म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.

माझं आडनाव मी इथं लिहीत नाही. भीती म्हणून नाही. वाचता वाचता तुम्हीही तेच शोधणार, म्हणून. सापडलं की तुम्हीही एक क्षण थांबणार. जिथं सांगायला पाहिजे होतं तिथं मी ते सांगितलंय. तो प्रसंग पुढं येईलच.

कंपनी पवनचक्क्या उभारते. त्यासाठी लोकांच्या जमिनी भाड्यानं घ्याव्या लागतात. नुसती पवनचक्कीची जागा घेऊन भागत नाही, तिथवर अवजड गाड्या जायला रस्ता लागतो. माझं काम, गावात जायचं, बायामाणसांशी बोलायचं, विश्वास मिळवायचा. पुण्याहून आलेल्या साहेबांना ते जमत नव्हतं. त्यांना माझी बोली पाहिजे होती.

पण फक्त गावात. ऑफिसात ती बोली करमणुकीची.

एकदा मीटिंग होती. पडद्यावर पुण्याचं हेड ऑफिस, इकडं आम्ही. एका जागेबद्दल मला विचारलं. मी बोलता बोलता म्हणून गेले, "तिथं जायाला रस्ताच न्हाय, सर."

निखिल सरांनी हात वर केला. "थांब, थांब. काय न्हाय?"

मी वहीत बघायला लागले.

"परत म्हण एकदा. त्यांना नीट ऐकू दे."

मी म्हणलं, "रस्ता नाही."

"तसं नाही गं. मघाशी म्हणालीस तसं."

सगळे वाट बघत होते. पडद्यातली माणसंसुद्धा. मी म्हणलं. "रस्ता न्हाय." पडद्यातून हसण्याचा आवाज आला. एक बाई म्हणाल्या, "सो क्यूट!" मग मीटिंग पुढं सरकली. रस्त्याचं काय, ते कुणीच विचारलं नाही.

मग मी हिशेब घातला. गावात माझी बोली पाहिजे, आडनाव नको. ऑफिसात आडनाव पाहिजे, म्हणजे आम्ही सगळ्यांना घेतो हे वरच्यांना दाखवता येतं, पण बोली नको. पुरी मी कुठंच नको होते.

जीपमधली गोष्ट प्रशांतनं ऑफिसभर केली. मी पाटलीणबाई झाले. "पाटलीणबाई, प्रिंट काढा." "पाटलीणबाई, पाहुण्यांच्या चहाचं जरा बघा की." चहाचं बघायला शिपाई होता. तरी मलाच सांगायचे. मी उठायचे. कप मांडताना मी स्वतःलाच दटावायचे, पहिली नोकरी आहे, टिकव.

आता त्या घराचं सांगते.

गावात अण्णा आणि काकू असं म्हातारं जोडपं. मोठं खटलं, मोठी जमीन. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नाही. कंपनीचा रस्ता त्यांच्या रानातनं जायला हवा होता, नाहीतर पलीकडची सगळी कामं अडकत होती. अण्णा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. निखिल सर मला म्हणाले, "तू म्हातारीकडून शीर."

पहिल्यांदा गेले तेव्हा काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू.

"कुणाची गं तू?"

मी नाव सांगितलं. आणि ते आडनाव.

"कुठले पाटील?"

"मुरूमकडचे." का कुणास ठाऊक, तेच गाव तोंडात आलं.

"अगं बाई! मुरूमला तर माझी थोरली भईन दिलीय. कुणाच्या घरातली तू?"

"वडील ल्हान आसतानाच नळदुर्गला आलेत, काकू. तिकडं आता कुणी न्हाय आमचं."

"आसं व्हय," काकू म्हणाल्या. "ये, आत ये. उन्हाची आलीस."

आत म्हणजे थेट स्वयंपाकघरात. चुलीपाशी. मला पाट दिला. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दह्याचा गोळा. मी जेवत असताना काकू माझ्याकडं बघत होत्या. "हाडं निघालीत गं पोरी. खात जा की." जाताना माझ्या पिशवीत ओल्या शेंगा घातल्या.

काकू वाईट बाई नव्हत्या. हे लिहायला मला जड जातं, पण ते खरं आहे. मला त्यांनी लेकीसारखं वागवलं. फक्त ती लेक मी नव्हते.

मी परत परत जात राहिले. आणि एक दिवस पाटावर बसून चहा पीत असताना मागच्या दारातनं अंगण दिसलं. एक बाई अंगण झाडून नुकती भिंतीच्या सावलीला टेकली होती. काकूंनी चहाचं भांडं उचललं, मागच्या दारात गेल्या. त्या बाईनं कोनाड्यातला एक कानतुटका कप स्वतःच उचलला, स्वतःच विसळला आणि खाली ठेवला. काकूंनी उभ्यानं, वरनं चहा ओतला. सगळं न बोलता. रोजचं असल्यासारखं.

बाईनं मान वर केली.

गंगूमावशी. माझ्या आईची चुलत बहीण. तिला या गावात दिलीय हे मला माहीत होतं. ती याच घरी राबत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या हातात बशीसकट कप, तिच्या हातात तो कानतुटका. दोघींमध्ये एक उंबरा.

तिनं मला ओळखलं. शंभर टक्के ओळखलं. तिचे ओठ माझं नाव घ्यायला हललेसुद्धा.

काकू म्हणाल्या, "गंगे, ह्या पाटील बाई. मुरूमच्या. कंपनीत मोठ्या नोकरीला हायेत."

मावशीनं डोईवरचा पदर पुढं ओढला. "व्हय का," म्हणाली. आणि पाठ फिरवून चहा प्यायला लागली.

तिनं मला वाचवलं. तेच मला सोसलं नाही. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी गेले. आई भाकरी करत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गंगीचा फोन आलता."

मी पिशवी खाली ठेवली.

"तू तिथं आत, चुलीपाशी बसलतीस म्हणं."

"आणखी काय म्हणली?"

"म्हणली, पोरीला सांग, म्या वळख दाखवनार न्हाय. तिच्या नोकरीला धक्का लागाय नको." आईनं भाकरी उलटली. "आडनाव काय सांगितलंस गं तू त्यास्नी?"

मी सांगितलं. साहेबानं सांगायला लावलं, हेही सांगितलं. बाप बाहेर हातपाय धूत होता. त्यानं सगळं ऐकलं. आत आला, बसला. काळ्या वंगणानं भरलेली त्याची नखं कितीही धुतली तरी निघत नाहीत.

"नोकरी सोड म्हणत न्हाय म्या," तो म्हणाला. "पर येक सांग मला. उंद्या म्या तुझ्या हापिसात आलो, आन कुणी इचारलं ह्यो कोण, तर काय सांगशील?"

त्यानं परत विचारलं नाही. जेवला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी मी निखिल सरांच्या केबिनमध्ये गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. आत गेल्यावर एकच आलं.

"सर, मला ते आडनावाचं जमणार नाही."

त्यांनी लॅपटॉप मिटला. आवाज एकदम मऊ झाला. "बस. हे बघ, मी हे तुझ्यासाठीच करतोय. तुला कुणी दारात उभं ठेवलं तर मला बरं वाटेल का? मी स्वतः हे काही मानत नाही. माझ्या घरी सगळे येतात-जातात. पण हा बिझनेस आहे. थोडी प्रॅक्टिकल हो. इगो आणू नकोस."

मानत नाही, पण वापरता. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी "ओके सर" म्हणलं आणि बाहेर आले. बाहेर येऊन बाथरूममध्ये तोंड धुतलं. कितीतरी वेळ नळ चालू ठेवला.

मग मी पुण्याला एचआरच्या मॅडमना फोन केला. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, काहीही अडचण आली तर निःसंकोच बोला, आपलं बोलणं आपल्यातच राहील. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"लेखी काही आहे का? मेल, मेसेज?"

"नाही मॅडम. जीपमध्ये बोलले."

"मग जोक केला असेल गं. त्यांचा स्वभावच तसा आहे. आपण टीम आहोत ना? जरा स्पोर्टिंगली घे."

संध्याकाळच्या आत निखिल सरांना कळलं होतं. पार्किंगमध्ये माझ्याजवळ येऊन म्हणाले, "माझ्या डोक्यावरून जायला लागलीस?" एवढंच. त्या दिवसापासून मला मेल यायचे बंद झाले. मीटिंग कधी, ते मला इतरांच्या हालचालीवरनं कळायचं. मी आत गेले की गप्पा थांबायच्या. माझी खुर्ची कुणीतरी मीटिंगसाठी म्हणून उचलून नेली, ती परत आलीच नाही. मागायला गेले तर, "पाटलीणबाई रागावल्या!"

प्रशांत एकदा जेवताना माझ्याजवळ आला. आजूबाजूला कुणी नव्हतं. "तू लई मनावर घेतीस," तो म्हणाला. "सर मला सगळ्यांपुढं बैल म्हणतेत. मी हसतो. विषय संपला."

"मला हसू येत नाही."

"येत कुणालाच न्हाय. आणायचं आसतंय."

तो उठून गेला. मला त्याचा राग आला आणि कीवही. दोन वर्षं हसून हसून त्याचा चेहरा तसाच झाला होता.

गावचं काम मात्र मलाच करायचं होतं. त्यासाठी माझी गरज होती. अण्णा आता वळत आले होते. सही होणार, असं दिसत होतं. अशात एक दिवस काकूंनी मला जवळ ओढून बसवलं. मोबाइल काढला. त्यात माझा फोटो. मी पाटावर बसून हसतेय. कधी काढला होता कुणास ठाऊक.

"माझ्या भईनीला धाडला म्या. तिचा ल्योक पुण्यात इंजिनेर हाय. येकुलता येक. पोरगी पसंत हाय म्हणली ती." माझा हात दाबला त्यांनी. "देवक काय गं तुमचं? वडलांचा नंबर दे. म्या सोताच बोलते."

मागच्या अंगणात मावशी तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"घरी विचारून सांगते," मी म्हणलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

ऑफिसला आले ती थेट केबिनमध्ये. प्रशांत आतच होता. मी सांगितलं. म्हणलं, आता तरी खरं सांगायला पाहिजे. मुरूमला चौकशी होईल. माझ्या बापाला फोन जाईल.

निखिल सर खुर्चीत मागं रेलले आणि खदखदून हसले. टेबलावर थाप मारली.

"अरे वा! मग तर सही झालीच म्हणायची. नाही म्हणू नकोस हं. सही होईपर्यंत घोळात ठेव. नंतर सांगू, पत्रिका जुळत नाही."

प्रशांत म्हणाला, "पाटलीणबाईंचं लगीन!" आणि दोघं परत हसले.

त्या हसण्यात माझ्या आत काहीतरी थंड झालं. इतके दिवस लाज होती, भीती होती, रडू होतं. ते सगळं एकदम खाली बसलं. माझं लग्न, माझा फोटो, माझा बाप, माझ्या मावशीचं गप्प राहणं. या सगळ्याची खडी करून त्यांना रस्ता करायचा होता. आणि ती अंथरणार मी. माझ्या हातानं.

मी बाहेर आले. सलीमभाई जीपजवळ उभे होते.

"सलीमभाई, गावात जायचंय. आत्ता."

"साब कू पूछे?"

"न्हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग दार उघडलं. "चलो, बेटी."

गावात पोचल्यावर ते फक्त म्हणाले, "मैं इधरिच हूँ."

मी ओसरीवर चढले नाही. अंगणात उभी राहिले. अण्णा बाजेवर बसले होते. मावशी आता पुढं, अंगणाच्या कडेला तूर पाखडत होती. काकू आतनं आल्या, हात पुसत.

"अगं ये की आत. भाईर कामून उभी?"

"काकू, आधी ऐका. मग आत ये म्हणा."

त्यांचं हसू तसंच राहिलं तोंडावर.

"मी पाटील न्हाय. मुरूमची न्हाय. मला साहेबांनी तसं सांगाय लावलं, मी सांगितलं." मग मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. मग बापाचं नाव, मग आडनाव. बाप काय करतो ते, आणि नळदुर्गला आमची वस्ती कुठली तेही. एकही शब्द गिळला नाही.

काकूंच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. मग त्यांचा हात आपोआप पदराकडं गेला.

"तू आत बसलीस," त्या म्हणाल्या. "माझ्या चुलीपाशी. माझ्या ताटात जेवलीस." मग मावशीकडं वळल्या. "गंगे, बघ गं, काय केलं हिनं."

मावशीनं सूप खाली ठेवलं. उठली. मी मानेनंच तिला नको म्हणत होते. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"माझ्या भईनीची पोर हाय ती," मावशी म्हणाली. "म्या पयल्याच दिशी वळखलं."

काकू आत गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. पण आल्या. हातात पाट होता. मी ज्यावर बसायचे तोच. त्यांनी तो अंगणात फेकला.

"गंगे, ने ह्यो. सरपणाला घे तुला."

पाट दोनदा आपटून उलटा पडला. मावशीनं तो उचलला नाही. तिनं लुगड्याला लागलेला भुसा झटकला, चपला घातल्या आणि फाटकातनं निघून गेली. इतकी वर्षं राबलेल्या घरातनं. मागं वळून न बघता.

अण्णा आता बोलले. आवाज समजुतीचा. "हे बघ पोरी, जातीचं आमाला काय न्हाय. तू खोटं बोललीस, त्याचा राग हाय."

"राग बरोबर हाय, अण्णा," मी म्हणलं. "मी खोटं बोलले. पण पाटानं काय खोटं बोललं?"

"जावा आता," अण्णा म्हणाले.

सही झाली नाही.

चार दिवसांनी एचआरच्या मॅडम स्वतः पुण्याहून आल्या. मीटिंग रूममध्ये मला बोलावलं. एसी चालू, काचा बंद. निखिल सर, प्रशांत, मॅडम. माझ्यासमोर टाइप केलेला कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं की मी वैयक्तिक कारणासाठी स्वतःहून खोटं आडनाव सांगितलं, त्यामुळे कंपनीचं नुकसान झालं आणि त्याबद्दल मी माफी मागते.

निखिल सर मॅडमना सांगत होते, "आम्हालाही धक्का बसला. आम्ही हिला किती सपोर्ट केला."

मी म्हणलं, "प्रशांत जीपमध्ये होता. त्याला विचारा."

मॅडमनी विचारलं. प्रशांत टेबलाकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मला आठवत नाही, मॅडम. मी मोबाइलमध्ये होतो."

"ड्रायव्हर पण होते. सलीमभाई."

"तो कंपनीचा एम्प्लॉयी नाही," मॅडम म्हणाल्या. "कंत्राटदाराचा माणूस आहे. त्याचं स्टेटमेंट घेता येत नाही."

जीपमध्ये चारजण होतो. एकजण नाकारत होता, एकाला आठवत नव्हतं, एकाला माणूस म्हणूनच धरत नव्हते. उरले मी.

"सही केलीस तर आपण हे इथंच संपवू," मॅडम म्हणाल्या. "नोकरी राहील. तुझं वय लहान आहे. चुका होतात."

मी कागद परत वाचला. मग म्हणलं, "मॅडम, मी खोटं बोलले, हे खरं आहे. पण 'स्वतःहून' हा शब्द खोटा आहे. तो काढा. तिथं लिहा, कुणी सांगितलं आणि का सांगितलं. मग मी सही करते."

"असं नसतं."

"मग सही नाही."

निखिल सर पहिल्यांदा ओरडले. "तुला कळतंय का तू काय करतेयस? या लाइनमध्ये तुला कुठं उभं करणार नाहीत. मी बघतो ते."

"इथं तरी कुठं उभं केलं होतं, सर?" मी म्हणलं. कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

मॅडमनी जाता जाता सुचवलं, मग राजीनामा दे, सगळ्यांनाच सोपं जाईल. सगळ्यांना म्हणजे त्यांना. मी राजीनामा दिला नाही.

सलीमभाईंना दुसऱ्या साइटवर टाकलंय. मावशीचं काम गेलं. ती आता हायवेवरच्या एका ढाब्यावर भाकरी थापते. ती माझ्यावर चिडली नाही, असं नाही. "आदी सांगायचं व्हतंस," म्हणाली. "म्या तयारीनं आसते." तिचं बरोबर आहे. तिचं काम गेलं त्याची भरपाई माझ्याकडं नाही, आणि सगळं चांगल्यासाठीच झालं असं मी तिला कधी म्हणणार नाही. बाप त्या रविवारी मला दुकानावर घेऊन गेला आणि एका ट्रकवाल्याला सांगितलं, ही माझी पोरगी.

मी निखिल सरांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. वेळ लागेल म्हणतात. लागू दे. कंपनीतली चौकशीही म्हणे चालू आहे. मी रोज ऑफिसला जाते. मला काम देत नाहीत. कुणी बोलत नाही. मी जाते, बसते, वेळ झाली की उठते. आता कुणी तोंडी काही सांगितलं की मी म्हणते, मेल करा. नाही केलं तर मीच करते, तुम्ही मला आत्ता असं असं सांगितलंत, बरोबर ना? उत्तर येत नाही. पण तोंडी सांगणं थांबलंय.

ते माझ्या थकण्याची वाट बघतायत. मी कंटाळून जाईन, लग्न करीन, दुसरीकडं लागीन. एका कोपऱ्यात बसवलेली पोरगी किती दिवस बसणार, असं त्यांना वाटतं. त्यांना माहीत नाही, आमच्या घरात कोपऱ्यात बसवून ठेवण्याचा अनुभव किती पिढ्यांचा आहे.

मला काढायचं तर काढावं. पण काढताना माझं पूर्ण नाव लिहावं लागेल आणि का काढलं तेही लिहावं लागेल. ते त्यांच्या हातानं, त्यांच्या सहीनं लिहून घेतल्याशिवाय मी तिथनं हलणार नाही.